टाका सगळ्यांचा, गोधडी जिची तिची

हिवाळ्यात हवामानाच्या बातमीत गोंदियाचं नाव हटकून येतं. विदर्भातलं सर्वांत कमी तापमान अनेकदा याच जिल्ह्याच्या वाट्याला जातं. तोवर धान कापून झालेलं असतं, बांध्या मोकळ्या झालेल्या असतात आणि आमगाव असो की अर्जुनी मोरगाव, दुपारच्या उन्हात अंगणात जुनी लुगडी पसरून बसलेल्या बायका दिसू लागतात. खाली एक लुगडं, त्यावर धोतराचे आणि विरलेल्या चादरींचे थर, सगळ्यांत वर दुसरं लुगडं. कोपऱ्यांवर हाताला लागेल ते जड ठेवायचं. मधून कडेकडे हात फिरवत सुरकुत्या काढायच्या, लांब कच्च्या टाक्यांनी थर एकमेकांना धरून ठेवायचे आणि मग कडेपासून धावदोरा घालत आत-आत सरकत जायचं. सुई सगळ्या थरांतून आरपार गेली की नाही, हे वरून दिसत नाही. ते खालून लावलेल्या डाव्या हाताच्या बोटाला कळतं. गोधडी शिवणारीचं ते बोट म्हणूनच कायम टोचलेलं असतं.

हे काम आजवर कुणी कुणाची परवानगी घेऊन शिकलेलं नाही. आई शिकवते, सासू सुधारते, शेजारीण जाता-जाता दोन शब्द सुनावते. माहेरचा नमुना सासरी जातो. शेजारच्या मध्य प्रदेशातल्या बालाघाटकडची मुलगी देवरीत नांदायला आली की तिकडच्या कथरीची तऱ्हाही तिच्यासोबत येते.

आता या गोधडीला गिऱ्हाईक मिळालं आहे. बचत गटांच्या स्टॉलवर, ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या सरस प्रदर्शनांत, शहरातल्या बाळंतविड्यात, मोबाइलवरच्या दुकानांत ती ‘हँडमेड क्विल्ट’ म्हणून विकली जाते. लुगड्यांची जागा टेलरकडच्या कात्रणांनी आणि मीटरवर मोजून आणलेल्या सुती कापडानं घेतली आहे. पैसा आला की त्याच्या मागोमाग तक्रारही येते: ‘आमचं डिझाइन उचललं.’ एकीनं पैसे भरून ऑनलाइन वर्गात शिकलेला नमुना गटात सगळ्यांना फॉरवर्ड केला, तर ती चोरी का? शेजारच्या गावानं आपल्यासारखीच मोराची गोधडी विकायला ठेवली तर?

यावर दोन उत्तरं तयार असतात. एक म्हणजे ‘परंपरा आहे, त्यात कसला हक्क?’ दुसरं म्हणजे ‘ताबडतोब कॉपीराइट करून टाका, पेटंट घ्या, जीआय घ्या.’ दोन्ही चुकीची आहेत आणि दुसरं उत्तर जास्त नुकसान करणारं आहे. गोधडीचा टाका मोकळा आहे आणि मोकळाच राहायला हवा. एखादीनं स्वतः आखलेली मांडणी मात्र तिची आहे, आणि ती सांभाळायला सगळ्यांत आधी गोधडीवर तिचं नाव लागतं. नेमकं तेच आज नसतं.

१९५७ चा कॉपीराइट कायदा चित्र, रेखाटन, छायाचित्र यांच्यासोबत ‘कलात्मक कारागिरीच्या कृती’लाही संरक्षण देतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. कृती स्वतःची असली आणि प्रत्यक्ष उतरली की हक्क आपोआप तयार होतो. तो करणारीच्या हयातीत आणि तिच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. समजा, एखाद्या आजीनं स्वतःच्या डोक्यातून अगदी वेगळी मांडणी केली आणि ती १९८५ मध्ये गेली. तर हक्क २०४५ च्या अखेरपर्यंत तिच्या वारसांचा. वारस म्हणजे मुलं-मुली आणि हयात असेल तर नवरा. ती गोधडी इतकी वर्षं ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून जपणारी सून त्यात येत नाही, हाही कायद्याचा एक मासला.

पण कायदा कल्पनेला आणि पद्धतीला हात लावत नाही. गोंदिया ज्या झाडीपट्टीत येतो, त्या नाटकवेड्या मुलखाला याचा सर्वोच्च न्यायालयातला दाखला आवडेल, कारण तो एका नाटकाचाच आहे. ‘हम हिंदुस्तानी’ या आपल्या नाटकावरून ‘न्यू दिल्ली’ हा सिनेमा काढला, असा आर. जी. आनंद यांचा दावा होता. १९७८ मध्ये न्यायालयानं तो फेटाळला. प्रांतवादाच्या विषयावर कुणाची मालकी नसते, तो विषय ज्या रीतीनं मांडला त्या रीतीवर असते, असं त्या निकालाचं सार. गोधडीला हेच लागू करा. धावदोरा, कडेपासून आत येण्याची रीत, कोपऱ्यात त्रिकोण दुमडण्याची युक्ती, नऊ चौकोनांची जोडणी, ठिगळावर ठिगळ हे सगळं पद्धतीत मोडतं. त्यावर गोंदियाचा हक्क नाही, पुण्याच्या बुटीकचा नाही आणि अमेरिकेतल्या कुणा बाईंचाही नाही.

अमेरिकेतल्या एका बाईंचा खटला मात्र वाचण्यासारखा आहे, कारण त्यातला माल भारतातून गेला होता. ज्युडी बॉइसन यांनी १९९१ मध्ये इंग्रजी मुळाक्षरांची गोधडी आखली. सहा आडव्या ओळी, दर ओळीत पाच चौकोन. २६ चौकोनांत अक्षरं आणि उरलेल्या चारांत मांजर, घर, झेंडा आणि टोपली. बॅनियन लिमिटेड या कंपनीनं मुळाक्षरांच्याच गोधड्या भारतातून आणवून विकायला काढल्या. बॉइसन कोर्टात गेल्या आणि हरल्या. २००१ मध्ये अपील कोर्टानं तो निकाल काही अंशी फिरवला. न्यायाधीशांनी गोधड्या अक्षरशः चौकोनाला चौकोन लावून पाहिल्या. मुळाक्षरं कुणाच्याच मालकीची नाहीत, ती क्रमानं लावणंही नाही, हे त्यांनी आधीच बाजूला काढलं. मग उरलं काय? अक्षरांचे आकार, रंगांच्या जोड्या आणि या सगळ्याची मिळून झालेली मांडणी. ती बॉइसन यांची होती. बॅनियनच्या दोन गोधड्या नक्कल ठरल्या आणि तिसरी सुटली, कारण तिची मांडणी पुरेशी निराळी होती. भारतात त्या शिवणाऱ्या हातांचा त्या खटल्यात प्रश्नच नव्हता. नमुना हाती दिला गेला आणि त्यांनी तो शिवला.

गोंदियाच्या भाषेत सांगायचं तर सारस कुणाचाच नाही. महाराष्ट्रात सारस पाहायचा तर मुख्यतः याच जिल्ह्यातल्या तलावांवर आणि धानाच्या बांध्यांत यावं लागतं, त्यामुळे इथल्या कुठल्याही गटाच्या मनात तो गोधडीवर घ्यायचं येणारच. पण दोन सारस, त्यांच्या मानांची विशिष्ट वळणं, मधे लोंबी, खाली निळ्या कात्रणांचं पाणी आणि काठाला लुगड्याची जुनी किनार अशी मांडणी एकीनं केली असेल, तर ती जशीच्या तशी उचलून विकणं ही नक्कल. शेजारच्या गावानं आपला सारस आपल्या डोक्यानं काढला, तर तक्रारीला जागा नाही. भांडणं बहुतेक दुसऱ्या प्रकाराची होतात, हे सांगायला कोर्ट लागत नाही.

छापील किंवा पीडीएफ नमुन्यांचं उत्तर अधिक सोपं आहे. कुणी आखून, मापं लिहून विकायला ठेवलेला नमुना हे लेखन आणि रेखाटन आहे. त्याच्या झेरॉक्स वाटणं किंवा फाइल शंभर जणींना फॉरवर्ड करणं बेकायदा आहे, हेतू कितीही चांगला असो. त्यावरून गोधडी करून विकायची असेल, तर नमुन्यावरच्या अटी वाचाव्यात, कारण आपल्या कायद्यात सपाट रेखाटनावरून प्रत्यक्ष वस्तू करणं हीसुद्धा नक्कल धरता येते. ऑनलाइन वर्ग करून आलेल्या बाईनं तिथे शिकलेला टाका किंवा कापड कापायची युक्ती गटाला करून दाखवली, तर त्यात गैर काही नाही. ठिपक्यांच्या रांगोळीची वही कुणी छापली, तर ती वही त्याची, ठिपके नाहीत.

आता कायद्यातली एक गोची, जी बचत गटांना सहसा कुणी सांगत नाही. कॉपीराइट कायद्याचं कलम १५ म्हणतं की डिझाइन म्हणून नोंदवता येण्यासारखी, पण न नोंदवलेली आखणी औद्योगिक प्रक्रियेनं ५० पेक्षा जास्त वेळा वस्तूंवर उतरली, की तिच्यावरचा कॉपीराइट संपतो. सोफ्याच्या कापडावरच्या नक्षीसाठी मायक्रोफायबर्स ही कंपनी याच मुद्द्यावर दिल्ली उच्च न्यायालयात झगडली आणि २००९ मध्ये खंडपीठापुढेही हरली. एखाद्या गटाचा सारस लोकांना आवडला आणि शंभर गोधड्या विकल्या गेल्या, तर यशच त्यांच्या मुळावर येऊ शकतं. आमचं काम हातानं होतं, म्हणून आम्ही सुटलो, असंही धरून चालता येत नाही, कारण २००० च्या डिझाइन कायद्याच्या व्याख्येत हातानं केलेली प्रक्रियाही येते.

मग डिझाइन नोंदवावं का? संरक्षण १० वर्षांचं, पुढे ५ वर्षं वाढवून मिळतं. पण डिझाइन नवं हवं आणि अर्जाआधी कुठेही जाहीर झालेलं नसावं. सरसमध्ये आधी मांडलं, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो फिरला, मग अर्ज केला, की दार बंद. कोलकात्याच्या कार्यालयाकडे अर्ज करणं मोठ्या ऑर्डरी असलेल्या गटाला परवडेल. वर्षाला दहा-बारा गोधड्या करणाऱ्या बाईनं त्या भानगडीत पडू नये. तिची प्रत्येक गोधडी वेगळी असते आणि तेच तिचं बळ आहे.

राहिला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन. पुढाऱ्यांचा हा आवडता उपाय, कारण त्यात जिल्ह्याचं नाव येतं आणि सत्काराचा कार्यक्रम होतो. गोंदियाला याची चव घरच्याच पिकात पाहायला मिळाली आहे. चिन्नोर हा या पट्ट्यातला सुवासिक तांदूळ. २०२१ मध्ये उत्तरेकडच्या बालाघाटाला ‘बालाघाट चिन्नोर’चं मानांकन मिळालं. पुढे पश्चिमेकडच्या भंडाऱ्यालाही स्वतःच्या नावाचं मिळालं. गोंदिया १९९९ च्या १ मे पर्यंत भंडाऱ्याचाच भाग होता. धान तेच, पाऊस तोच, सोयरीकही तीच. पण नोंदीतली हद्द कागदावर आखली की पलीकडच्या बांधीतल्या शेतकऱ्याला ते नाव लावता येत नाही. तांदळाच्या बाबतीत माती आणि पाण्याचा काही तरी आधार सांगता येतो. गोधडीच्या बाबतीत काय सांगणार? सोलापूरकडची वाकळ आणि सालेकशाची गोधडी एकाच धावदोऱ्यानं चालतात. बंगालच्या नक्षी कांथ्याला आणि बिहारच्या सुजनीला मानांकन आहे, पण त्यांची ओळख त्यांच्या भरतकामातल्या चित्रांनी ठरते. गोधडीची ठरते घरातल्या जुन्या कापडानं. जिल्ह्याच्या नावानं तिचं मानांकन मागणं म्हणजे बालाघाटहून आलेल्या सुनेला तिचाच टाका परका करणं.

शिवाय मानांकन नाव राखतं, आकार नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ पासून मानांकन आहे, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार अशा आठ जिल्ह्यांसाठी. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं अगदी तशाच चपला मॉडेलांच्या पायांत घातल्या. ‘कोल्हापुरी’ हा शब्द त्यांनी वापरलाच नव्हता. कंपनीनं पुढे या चपलांचं मूळ मान्य केलं ते लोकांच्या ओरड्यामुळे. याच प्रकरणावरची मुंबई उच्च न्यायालयातली जनहित याचिका तर दाद मागण्याचा अधिकार मानांकनाच्या नोंदणीकृत धारकांचा, या मुद्द्यावर फेटाळली गेली.

आणि तंत्रच दूर गेलं तर? कर्नाटकातल्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागातल्या सिद्दी बायकांची कवंदी हे गोधडीचं सख्खं भावंडच. आफ्रिकी वंशाचा हा समाज तिकडे कोकणी बोलतो. कवंदीही कडेपासून सुरू होऊन मध्यापर्यंत शिवत जाते. शेवटी चारही कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांचा ‘फुला’ लावतात, त्याशिवाय कवंदी उघडी समजली जाते. हेन्री ड्र्युअल या अमेरिकी कला-इतिहासकारामुळे २००४ पासून तिथे बायकांची सहकारी चळवळ सुरू झाली आणि कवंदी बाहेर पोचली. आज अमेरिकेत ‘कवंदी’ शिकवणारे फी घेऊन चालणारे वर्ग आहेत. कायद्यानं त्यात काही चुकीचं नाही. २०२४ च्या मे महिन्यात जिनिव्हात झालेला पारंपरिक ज्ञानावरचा करारही पेटंटांपुरता आहे. टाक्यांना, नमुन्यांना तो लागू नाही. या वर्गांवर चिडण्यात वेळ घालवण्यापेक्षा एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावी: तंत्राला कॉपीराइट नसतो, पण शिकवण्याला फी असते. तो वर्ग यल्लापूरची बाई घेऊ शकते आणि देवरीचीही. तिच्याकडे जे बोट आहे, ते व्हिडिओ पाहून शिकलेल्या शिक्षिकेकडे नाही.

नावाचं काय होतं, हे अलाबामातल्या गीज बेंड या वस्तीनं दाखवून दिलं आहे. गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांच्या वंशजांच्या या कापूस पिकवणाऱ्या वस्तीतल्या बायका फाटक्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवत. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या संग्रहालयात त्या भिंतीवर लागल्या, २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्यानं त्यांवर दहा तिकिटं काढली. त्यांचे नमुने घरगुती वस्तूंवर छापून विकले जाऊ लागले. पैसा कुठे जातो, असं विचारत काही जणींनी २००७ मध्ये प्रदर्शनं भरवणाऱ्यांवर दावे लावले. २००८ मध्ये तडजोड झाली. एक फरक लक्षात घ्यायला हवा. त्या बायकांना दावा लावता आला, कारण कोणती गोधडी कुणाची, हे नावानिशी नोंदलेलं होतं. त्यांच्या संस्थेच्या गोधड्यांवर शिवणारीची सही आणि क्रमांक असतो.

आपल्याकडे उलटी तऱ्हा. महाराष्ट्राच्या गोधडीवरचं गीता खंडेलवाल यांचं देखणं पुस्तक २०१३ मध्ये निघालं ते फ्रान्समधून. इथे सरसच्या स्टॉलवर बाटलीबंद लोणच्याला लेबल असतं, त्यावर गटाचं नाव, तारीख, वजन सगळं असतं. महिना-महिना खपून केलेली गोधडी मात्र निनावी घडी होऊन पिशवीत जाते. ती पुढे कुठे छापली, कुणी उचलली, हे कळलं तरी ती आपली म्हणून दाखवायला हातात काही उरत नाही.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. गोधडी एकटीची कुठे असते? चौघी जणी चार बाजूंनी बसतात, कापड पाचवीचं, गप्पा सगळ्यांच्या. नाव कुणाचं लिहायचं? उत्तर सरळ आहे: चौघींचं. कायद्याला संयुक्त कर्तृत्वाचं वावडं नाही. जॉबवर्क असेल तर अधिक सावध राहावं लागेल. शहरातल्या डिझायनरनं रेखाटन पाठवलं आणि गटानं तेवढंच शिवलं, तर मांडणी तिची. पण ‘तुमच्या पद्धतीनं काहीतरी छान करा’ एवढंच सांगून ऑर्डर दिली, आणि शिवणारी कुणाची पगारी नोकर नसेल, तर लेखी करारात वेगळं ठरलेलं नसल्यास मांडणी शिवणारीची. हा करार वाचायला गटाच्या सचिवाला कुणी शिकवलेलं नसतं. सही मात्र तीच करते.

म्हणून मागणी छोटी आहे. ‘उमेद’ आणि महिला आर्थिक विकास महामंडळ (माविम) यांच्या जिल्हा कार्यालयांनी गोधडी करणाऱ्या गटांना कापडी पट्ट्या द्याव्यात. त्यावर शिवणारीचं नाव, गाव, वर्ष आणि क्रमांक तिनंच दोऱ्यानं काढावा आणि ती पट्टी मागच्या कोपऱ्यात शिवावी. गोधडी विकण्याआधी तिच्या दोन्ही बाजूंचा फोटो तारखेसह काढून गटाच्या नोंदवहीला जोडावा. नागपुरात केंद्र सरकारची राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे. बौद्धिक संपदेचं प्रशिक्षण देणं हेच तिचं काम. तिथल्या कुणी तरी गोंदियात येऊन एक दिवस मराठीतून आणि हिंदीतून वर्ग घ्यावा: काय मोकळं, काय आपलं, करारात कुठे थांबून वाचायचं. पुढचं सरस प्रदर्शन भरण्याआधी हे करता येण्यासारखं आहे, आणि त्यासाठी कुठल्या नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.